दहा म्हणजे दहाच

येत्या १ डिसेंबरपासून रात्री दहानंतर कोणत्याही फ्लॅटमधला, गच्चीवरचा किंवा पार्किंगमधला आवाज शेजाऱ्याच्या बंद दारातून आत गेला, तर दुसऱ्या दिवशी त्या फ्लॅटच्या सभासदाला लेखी नोटीस जाईल. सेक्रेटरीचा आर्जवी फोन येणार नाही. ग्रुपवर हात जोडलेला मेसेज पडणार नाही. 'सर्वांनी सहकार्य करावे' असा कागद लिफ्टमध्ये चिकटवला जाणार नाही. हे सगळे करून झाले आहे. त्याचा परिणाम एवढाच झाला, की ज्यांना ऐकायचे नव्हते त्यांना आपल्याला कुणी काही करणार नाही याची खात्री पटली. ती खात्री चुकीची होती, हे सांगण्यासाठी हा मजकूर आहे. सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय ठरावाने मंजूर झालेला आहे. सभेला न आलेल्यांनी 'आम्हाला माहीतच नव्हते' म्हणू नये. इतिवृत्त नोटीस बोर्डावर आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. तुमच्या घरी कोण येते, किती जण येतात, काय खातात, काय पितात आणि किती वाजता परत जातात, यात समितीला काडीचाही रस नाही. पार्टी हा गुन्हा नाही. रात्री दोन वाजता वीस माणसे तुमच्या हॉलमध्ये बसून हलक्या आवाजात गप्पा मारत असतील आणि खालच्या घराला पत्ता नसेल, तर तो पूर्णपणे तुमचा मामला आहे. आणि साडेदहाला दोनच माणसे असतील, पण खालच्या घरातले तान्हे बाळ दचकून उठत असेल, तर तो आमचा मामला आहे. समितीला राखण करायची आहे ती भिंतीच्या पलीकडे जाणाऱ्या आवाजाची. तुमच्या नीतीची नाही.

हे इतके ठासून सांगावे लागते, कारण या विषयावर सभेत बोलायला उठलेले पहिले गृहस्थ थेट 'बॅचलर पोरांना फ्लॅट देणे बंद करा' या मागणीवर आले. त्यांना तिथेच उत्तर दिले, इथे सर्वांसाठी देतो. तसा ठराव समिती मांडणार नाही, कुणी मांडला तर विरोध करील. गेल्या वर्षभराचे सिक्युरिटी रजिस्टर कुणीही येऊन पाहावे. रात्रीच्या आवाजाच्या सर्वांत जास्त नोंदी ज्या घरांसमोर आहेत, त्यांत हिंजवडीला कामाला जाणारी पोरे वरच्या क्रमांकावर नाहीत. ती बिचारी शनिवारी झोप भरून काढत असतात. वरच्या क्रमांकावर आहे दर शनिवारी जमणारा आपल्या निवृत्त सभासदांचा कराओके ग्रुप. त्यानंतर वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, वास्तुशांतीनंतरची 'घरच्या घरी' मैफल, क्रिकेटचा अंतिम सामना आणि दिवाळीतली तीन पत्ती. किशोरकुमारच्या आवाजात गाता येणे ही कौतुकाची गोष्ट आहे. पावणेबाराला माईक हातात घेऊन ती सगळ्या बी विंगला ऐकवणे ही नाही. वयाचा मान ठेवूनच लिहितो आहे : काकांनाही तीच नोटीस जाईल जी पोरांना जाईल, त्याच कागदावर, त्याच भाषेत.

आता नेहमीच्या सबबी. त्या परत कुणी समितीसमोर मांडू नयेत म्हणून त्यांची उत्तरे इथेच देऊन ठेवतो.

'एकच दिवस तर होता!' आपल्याकडे ऐंशी फ्लॅट आहेत. प्रत्येकाने वर्षातून फक्त एक दिवस घेतला, तरी दर चार-पाच दिवसांनी कुणाचा ना कुणाचा तो 'एकच दिवस' येतो. तुमचा वर्षातला एकच असेल. तुमच्या खाली, वर आणि शेजारी राहणाऱ्याच्या वाट्याला मात्र सगळ्यांचे दिवस येतात.

'तुम्हालाही बोलावले होते, तुम्हीच आला नाहीत.' ही सबब ऐकून हसावे की रडावे कळत नाही. जेवणाचे आमंत्रण नाकारणाऱ्याने आपली झोपही नाकारली, असे होत नाही. 'आधी सांगून ठेवले होते' हा याचाच धाकटा भाऊ. शेजाऱ्यांना आधी सांगणे ही चांगली रीत आहे, ती जरूर पाळा. पण सांगणे म्हणजे परवानगी मिळणे नव्हे. संध्याकाळी दारात पेढे देऊन 'थोडा आवाज होईल हं' म्हटल्यावर समोरचा माणूस संकोचाने मान डोलावतो. त्या मान डोलावण्याला रात्री दीडपर्यंतची मुदत नसते.

'गणपतीत चालते, मग आमचे का नाही?' गणपतीतही वाटेल तसे चालत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांच्या निमित्ताने, ध्वनिक्षेपकाची वेळ रात्री दहाऐवजी बारापर्यंत वाढवता येते. त्या दिवसांची यादी जाहीर होते. तुमच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस त्या यादीत कधीच नसतो. आणि त्या पंधरा दिवसांतही सूट मिळते ती वेळेत. आवाजाची मर्यादा तीच राहते.

'माझे घर आहे, मी काहीही करीन.' घर तुमचे, पण स्लॅब दोघांचा. तुमची फरशी हे कुणाचे तरी छत आहे, याची सोय बिल्डरने करून ठेवली, समितीने नाही.

राहिली ती सर्वांत प्रामाणिक वाटणारी सबब : 'आम्ही दारेखिडक्या लावून घेतल्या होत्या, स्पीकरही लहानच होता.' हे सांगणारे बरेच जण खोटे बोलत नाहीत. त्यांना स्वतःच्या हॉलमध्ये आवाज खरोखरच बेताचा वाटतो. म्हणून इथे जरा थांबतो, कारण अर्धी भांडणे या अज्ञानातून होतात.

गाण्यातले शब्द, सतार, बासरी, माणसाचा आवाज हे वरच्या पट्टीतले सूर विटांची भिंत आणि बंद काच बऱ्यापैकी अडवते. ढोलाचा, बासचा खालचा ठोका अडत नाही. त्याच्या लहरी लांब असतात, आणि स्पीकर किंवा वूफर थेट फरशीवर ठेवला असेल तर तो ठोका हवेतून न जाता काँक्रीटमधूनच उतरतो. स्लॅबमधून कॉलममध्ये आणि कॉलममधून दोन मजले खालच्या बेडरूममध्ये. तुमच्या पाहुण्यांना गाणे ऐकू येते. खालच्या माणसाला गाणे येतच नाही, नुसते धप्प, धप्प, धप्प येते. त्यात ना चाल ना शब्द. उशीवर कान टेकला की ते छातीत वाजते. तो तक्रार घेऊन वर येतो तेव्हा तुम्ही दार उघडून म्हणता, 'अहो, इतका हळू तर लावलाय.' दोघेही आपापल्या घरापुरते खरे बोलत असतात, आणि भांडण पेटते.

तेव्हा वूफर बंद करा किंवा बास तळाला आणा. स्पीकर फरशीवर, भिंतीला टेकून ठेवू नका. टेबलावर, खाली जाड घडी घालून ठेवा. नाचायचे असेल तर ते दहाच्या आत उरका, कारण पायांचा धपका गालिचा अंथरूनही पुरता जात नाही. खुर्च्या ओढू नका, उचला. खुर्च्यांच्या पायांना लावायच्या रबरी टोप्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, त्या वीस माणसांच्या जेवणापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात. संडास-बाथरूमच्या खिडक्या डक्टमध्ये उघडतात आणि आपली डक्ट म्हणजे आठ मजल्यांचा कर्णा आहे. त्या खिडक्या बंद ठेवा. बाल्कनीत दहानंतर मैफल नको. एका मीटरवरचे साधे बोलणेच साधारण साठ डेसिबल असते, आणि आपल्या दोन विंग समोरासमोर असल्याने एका बाल्कनीतले बोलणे समोरच्या भिंतीवर आपटून सगळ्यांच्या खिडक्यांत शिरते. वरच्यांची भांडणे, खालच्यांच्या सुनेबद्दलची मते, कुणाचा पगार किती वाढला, हे सगळे इमारतीला पाठ झालेले आहे. त्या बोलणाऱ्यांना ते ठाऊक नाही, एवढेच.

आणि निरोप. आपल्याकडे पाहुणे 'निघतो आता' म्हणाल्यापासून खरोखर निघेपर्यंत अर्धा तास जातो, आणि तो अर्धा तास घरात जात नाही, लॉबीत जातो. लिफ्टचे दार धरून ठेवून. मग खाली पार्किंगमध्ये आणखी पंधरा मिनिटे, गाडी चालू ठेवून, काच खाली करून. रजिस्टरमधल्या बारानंतरच्या नोंदी पाहिल्या तर त्यांतल्या पुष्कळशा पार्टीच्या नाहीत, पार्टी संपल्याच्या आहेत. १ डिसेंबरपासून लॉबीतला आणि पार्किंगमधला आवाज ज्या घरचे पाहुणे त्या घराच्या नावावर मांडला जाईल. निरोप दाराच्या आत घ्या, दार लावा, मग लिफ्ट बोलवा.

ज्यांना सबबींपेक्षा कायदा लवकर कळतो त्यांच्यासाठी आता कायदा. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० सालापासून लागू आहेत. त्यांच्या लेखी रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. हा दहाचा फरक किरकोळ वाटतो, पण डेसिबलची मोजपट्टी वेगळी चालते. दहाने वाढ म्हणजे आवाजाची शक्ती दहापट. शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्या भोवती सरकारने जाहीर केलेले शांतता क्षेत्र असेल, तर तिथे रात्रीची मर्यादा ४०. खासगी जागेतला स्पीकर असेल तर त्या जागेच्या सीमेवर मर्यादेपेक्षा फक्त पाच डेसिबल जास्त चालतात, म्हणजे आपल्याकडे रात्री पन्नास. ध्वनिक्षेपक आणि वाद्ये रात्री उघड्यावर वाजवायला मनाई आहे. गच्ची उघडी आहे. कोजागरीचे दूधही उघड्यावरच आटते. दूध हवे तेवढा वेळ आटवा, चांदण्यात हवे तेवढा वेळ बसा. भेंड्यांचा माईक दहाला बंद.

'पोलिसांकडे मीटर नसतो, काय करणार ते?' असे काही जण ऐटीत सांगतात. त्यांनी २०१० सालची दुरुस्ती वाचावी. त्यानंतर रात्रीच्या निर्बंधांचा भंग हेच तक्रारीला पुरेसे कारण झाले, मर्यादा दहा डेसिबलने ओलांडली हे दाखवत बसावे लागत नाही. दुसरी ऐट असते ती 'तक्रार कुणी केली ते आम्ही शोधून काढू' ही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या रहिवाशांच्या याचिकेवर निकाल दिला. विषय प्रार्थनास्थळांवरच्या भोंग्यांचा होता, पण तक्रारदाराची ओळख न विचारता, न उघड करता पोलिसांनी कारवाई करावी, हे त्यात स्पष्ट बजावले आहे. आपल्या सोसायटीतही तसेच होईल. तक्रारदाराचे नाव समितीच्या फाइलमध्ये राहील आणि नोटिशीवर येणार नाही. ते नाव काढून घेण्यासाठी वॉचमनला धाक दाखवणाऱ्याला वेगळी नोटीस मिळेल. असा प्रकार घडलेला आहे, आणि कुणी केला हे समितीला माहीत आहे.

शिक्षेबद्दल ग्रुपवर एक जुना मेसेज फिरतो : पाच वर्षे तुरुंग आणि एक लाख दंड. तो आता खरा नाही, उगाच पुढे ढकलू नका. पर्यावरण संरक्षण कायद्यातली ती तुरुंगाची तरतूद बदलली आणि १ एप्रिल २०२४ पासून तिच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंत दंड आला. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ प्रमाणे सार्वजनिक उपद्रवाला एक हजारापर्यंत दंड आहे. उपद्रव थांबवा असा आदेश मिळूनही तो चालू ठेवला, तर कलम २९३ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हजार रुपयांचे कुणाला काही वाटणार नाही हे मला ठाऊक आहे. पण ज्यांना पासपोर्टचे नूतनीकरण करायचे आहे, व्हिसासाठी किंवा नव्या नोकरीसाठी पोलिसांचा दाखला काढायचा आहे, त्यांनी पोलीस ठाण्यात आपले नाव कशासाठी लिहिले जावे, याचा विचार ग्लास भरण्याआधी करावा.

सभेत एका सभासदाने विचारले होते, 'एका रात्रीच्या आवाजाने कुणी मरते का?' सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिप्रदूषणावर १८ जुलै २००५ रोजी जो निकाल दिला, त्याच्या मुळाशी असलेली याचिका एका अभियंत्याने केली होती. तिला निमित्त झालेली बातमी १९९८ च्या जानेवारीतली होती. तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला. ती ओरडत होती, आणि शेजारी मोठ्याने वाजणाऱ्या गाण्यांमुळे तिच्या हाका कुणाला ऐकू गेल्या नाहीत. त्याच संध्याकाळी तिने स्वतःला पेटवून घेतले. त्या गाणी लावणाऱ्यांपैकी कुणाच्याही मनात कुणाचे वाईट करायचे नव्हते. आपल्या बी विंगमध्ये हृदयाची शस्त्रक्रिया झालेले एक आजोबा एकटे राहतात. वरच्या मजल्यावर डीजेचे दिवे फिरत असताना त्यांनी बेल वाजवली, भिंत ठोकली किंवा हाक मारली, तर ती ऐकणार कोण, याचे उत्तर त्या सभासदाने समितीला लेखी द्यावे.

आता काय होणार ते सांगतो. दहानंतर आवाजाची तक्रार आली, की सिक्युरिटी इंटरकॉमवरून त्या घरी एकदा सूचना देईल आणि रजिस्टरमध्ये वेळ लिहील. एकदाच. इंटरकॉम उचलला नाही, तर उचलला नाही अशी नोंद होईल. 'गाण्यामुळे बेल ऐकू आली नाही' हे म्हणणे तुमच्या बाजूचे आहे असे समजू नका. पंधरा मिनिटांत आवाज थांबला नाही, तर तक्रारदाराने ११२ ला फोन करावा. तो घाबरत असेल तर समितीचा माणूस करील. 'आपल्या सोसायटीत पोलीस कशाला, बाहेर नाव जाईल' हे आता कुणी म्हणायचे नाही. नाव आवाजाने गेलेलेच आहे.

दुसऱ्या दिवशी सभासदाला कारणे दाखवा नोटीस. त्यानंतर समितीसमोर म्हणणे मांडण्याची संधी. ती प्रत्येकाला मिळेल, कारण न ऐकता दंड लावणे उपविधींत बसत नाही आणि मलाही ते पटत नाही. म्हणणे पटले नाही तर सर्वसाधारण सभेने मंजूर केलेला दंड मेंटेनन्सच्या बिलात लागेल. उपविधींप्रमाणे हा दंड एका आर्थिक वर्षात पाच हजारांच्या वर नेता येत नाही. हे वाचून कुणाच्या डोक्यात लगेच हिशेब आला असेल : पाच हजार म्हणजे हॉलच्या भाड्यापेक्षा स्वस्त, भरून टाकू. तो हिशेब सोडा. दंड भरला म्हणजे आवाजाचा परवाना विकत घेतला असे नाही. प्रत्येक नव्या रात्रीची नवी नोंद होईल, तिची प्रत पोलीस ठाण्यात जाईल, आणि नोंदींचा गठ्ठा पुरेसा झाला की समिती उपद्रव बंद करण्याचा आदेश मागायला कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाईल. त्या अर्जाचा मसुदा तयार आहे. फक्त फ्लॅट नंबर भरायचा बाकी आहे.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३५ खाली सभासदाला काढून टाकता येते, हेही खरे. त्यासाठी सभेत तीन चतुर्थांश बहुमत लागते आणि निबंधकांची मंजुरी लागते. रस्ता लांबचा आहे, आणि उठसूट त्याची धमकी देणाऱ्या समितीला कुणी गंभीरपणे घेत नाही. म्हणून ती मी देत नाही. त्याचप्रमाणे कुणाचे पाणी किंवा वीज तोडली जाणार नाही. सभेत ती मागणी झाली, टाळ्याही पडल्या, पण ती बेकायदा आहे. शेजाऱ्याची झोप वाचवायला कायदा मोडणारी समिती दुसऱ्या दिवशी कायद्याचे नाव घ्यायला नालायक ठरते.

भाड्याने दिलेल्या घरांबाबत : नोटीस भाडेकरूला आणि घरमालकाला, दोघांनाही जाईल. घरमालक सिंगापूरला असो की सांगलीला. सभासद तुम्ही आहात, भाडे तुमच्या खात्यात येते, जबाबदारीही तिथेच येते. 'मी तिकडे, पोरे इकडे, मी काय करणार' हे उत्तर चालणार नाही. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात रात्रीच्या आवाजाची अट घाला. पुढच्या करारापासून ती अट आहे की नाही हे समिती पाहणार आहे.

तक्रार करणाऱ्यांनाही हा इशारा लागू आहे. त्यांनी आतापर्यंत माना डोलावत वाचले असेल तर इथे जरा सावध व्हावे. रात्री आठला पोरे घरात पळतात, ही तक्रार घेतली जाणार नाही. कुकरची शिट्टी, पहाटेचा मिक्सर, रडणारे बाळ, खोकणारे आजोबा, यांचीही नाही. चार माणसांत राहायचे तर एवढे सोसावे लागते. पार्किंगच्या भांडणाचा सूड म्हणून केलेली आवाजाची तक्रार ओळखू येते. रजिस्टरमध्ये दोन्ही नोंदी शेजारीशेजारी असतात. झाडूच्या दांड्याने छत ठोकायचे नाही, वरच्या घराची वीज मीटरखोलीत जाऊन बंद करायची नाही. हा पराक्रम झालेला आहे, आणि तो ज्यांनी केला ते आज शांततेवर सर्वांत जास्त बोलतात. आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर स्वतःच्या घरात उभे राहून, स्वतःच्या खिडकीतून करा. मोबाइलवरच्या ॲपचा आकडा न्यायालयात टिकेल असे समजू नका, पण वेळ आणि तारीख कळायला ते रेकॉर्डिंग पुरते. मात्र लॉबीत दबा धरून पाहुण्यांचे, विशेषतः मुलींचे, फोटो आणि व्हिडिओ काढून ते ग्रुपवर टाकले, तर त्या महिन्याची पहिली नोटीस तुमच्या नावाने निघेल, आणि संबंधित मुलीला पोलीस ठाण्यापर्यंत सोबत समिती करील. किती वाजता कोण कुणाबरोबर गेले, हे तुमच्या झोपेच्या आड येत नाही.

ग्रुपवर नाव घेऊन तक्रार टाकायचीच नाही. ती वाचून जो हसायचा तो हसतो, जो चिडायचा तो दुसऱ्या रात्री मुद्दाम आवाज वाढवतो. तक्रार सिक्युरिटीकडे, रजिस्टरमध्ये, वेळेसह. लिहिलेली नसेल तर समितीच्या लेखी ती झालेलीच नाही. सकाळी जिन्यात गाठून 'काल रात्री काय ते, कळलंच असेल तुम्हाला' असे सेक्रेटरीला सांगणे ही तक्रार धरली जाणार नाही. मला कळलेले असते, पण माझ्या कळण्याला पुरावा म्हणत नाहीत.

क्लबहाउस रात्री साडेनऊला रिकामे करायचे, दहाला कुलूप. कराओके ग्रुपला क्लबहाउस शनिवारी संध्याकाळी पाच ते नऊ राखून दिले आहे, तेही विनाभाडे. इतके करूनही माईक नंतर कुणाच्या घरी गेला, तर ही सवलत त्याच आठवड्यात रद्द होईल.

आता ३१ डिसेंबर. त्या रात्री हॉटेलांना आणि बारना उशिरापर्यंत परवानगी मिळते, ती त्यांना मिळते, आपल्या गच्चीला नाही. सरकारी यादीत तो दिवस असला तर स्पीकर बारापर्यंत, मर्यादेत, बारा वाजून पाच मिनिटांनी नाही. यादीत नसला तर दहापर्यंत. जाहीर झालेली यादी समिती १५ डिसेंबरला बोर्डावर लावेल. त्यावर वाद घालायचा असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन घालावा. फटाक्यांना रात्रीच्या वेळेचे बंधन वेगळे आहे आणि पार्किंगमध्ये तर ते दिवसाही फोडायचे नाहीत, तिथे गाड्यांच्या पेट्रोलच्या टाक्या असतात.

त्या रात्रीसाठी गच्ची मागणारे दोन अर्ज आले आहेत. दोन्हींवर वेळ, स्पीकरचा आकार आणि जबाबदार सभासदाची सही, या तिन्ही जागा कोऱ्या आहेत. दोन्ही अर्ज परत पाठवले आहेत. २० डिसेंबरपर्यंत ते पूर्ण भरून आले, तर गच्चीची किल्ली ३१ तारखेला संध्याकाळी सहाला सिक्युरिटी केबिनमधून मिळेल आणि ठरलेल्या वेळी परत घेतली जाईल. आले नाहीत, तर किल्ली केबिनमध्येच राहील.

सचिव,
व्यवस्थापक समितीच्या वतीने